पायथ्याशी थांबलेला ठिपका

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी सिंहगड चढतो. हे सांगण्यात बढाई नाही. पुण्यात असे करणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही माझ्याहून वयाने मोठी आहेत. पहाटेच्या पहिल्या बसने निघायचे, पायथ्याशी आतकरवाडीला उतरायचे, पायवाटेने वर जायचे, गडावरच्या देवटाक्याचे पाणी प्यायचे, कल्याण दरवाजापर्यंत फेरी मारायची आणि जेवणाच्या आत शनिवार पेठेतल्या घरी परतायचे. पूर्वी आम्ही तिघे होतो. एकाचे गुडघे गेले. दुसरा मुलाकडे परदेशी गेला आणि तिथून डोंगरांची छायाचित्रे पाठवत असतो. ती मी उघडत नाही. आता मी एकटा जातो, आणि एकट्याने जाणेच मला मानवते. उरलेले सहा दिवस घरात कोणी ना कोणी बोलत असते.

घरात आम्ही चौघे. मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे आणि बहुतेक दिवस घरूनच काम करतो. म्हणजे कानाला यंत्र लावून बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आणि अदृश्य माणसांशी मोठ्याने इंग्रजी बोलतो. सून बँकेत आहे. पत्नी घरात आहे आणि घर तिच्या ताब्यात आहे.

गेल्या पावसाळ्यात उतरताना माझा पाय घसरला. हनुवटीला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी मला काही विचारले नाही, पण घरच्यांनी पुष्कळ विचारले. वर्तमानपत्रात कोणी कुठल्या कड्यावरून पडल्याची बातमी आली की ती माझ्या ताटाशेजारी ठेवली जाऊ लागली. एका रविवारी पहाटे बूट सापडले नाहीत. पत्नीने ते माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे टाकले होते. मी शिडी लावून काढले. त्यावरून जो वाद झाला त्यात शेजाऱ्यांनीही रस घेतला.

अखेर मुलाने तोड काढली. त्याने माझ्या फोनमध्ये अशी काही सोय करून दिली की मी कुठे आहे ते घरातल्या तिघांना आपापल्या फोनवर, नकाशावरच्या एका निळ्या ठिपक्याच्या रूपाने दिसावे. अट एकच : रविवारी फोन चालू हवा. मी होकार दिला. दिलेला शब्द पाळण्याची मला सवय आहे. पाऊस संपल्यावर माझे रविवार पुन्हा सुरू झाले.

इथे माझ्या नोकरीविषयी सांगणे भाग आहे. खडकीला, जिथे दारूगोळा भरतात अशा कारखान्यात माझे सारे आयुष्य गेले. आतल्या आवारात शिरण्यापूर्वी फाटकावर खिसे रिकामे करावे लागत. काडेपेटी, किल्ल्या, नाणी, पुढे फोन आल्यावर फोन; सगळे तिथे ठेवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. विसरलो तर शिक्षा होती, पण शिक्षेच्या भीतीने कोणी ते करत नसे. हात आपोआप खिशात जात. आजही जातात. आतकरवाडीच्या शेवटच्या घराला लागून एक बाई चहा विकते. तिच्या पत्र्याच्या टपरीत मी फोन आणि घरची किल्ली ठेवतो आणि मग वाटेला लागतो. ती बाई बिस्किटांच्या डब्यावर फोन ठेवते आणि म्हणते, "जावा काका, हाय मी हितं." मी जातो. ठिपका कशासाठी आहे याचा त्या वेळी मी विचार केला नाही. फोन चालू होता. अट पाळली गेली होती.

त्यानंतर घरातली हवा बदलली. रविवारी पहाटे पत्नीच्या कपाळावर आठी नसे. डब्यात चार पोळ्यांऐवजी दोन येऊ लागल्या. परतल्यावर सून विचारी, "बाबा, कसा झाला आजचा ट्रेक?" मी म्हणे, बरा झाला. ती मुलाकडे पाही आणि मुलगा फोनकडे. एकदा मी सांगितले की वर इतके धुके होते की पुणे दरवाजा हाताशी येईपर्यंत दिसला नाही. तिघांनीही माना डोलावल्या. मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याने असे पूर्वी कधी केले नव्हते. मी समजलो की माणसे शहाणी झाली.

एका संध्याकाळी पत्नी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बोलता बोलता म्हणाली, "अहो, चहाच प्यायचा असेल तर कोपऱ्यावर मिळतो की. त्यासाठी पहाटे उठून बसचे धक्के कशाला खायचे?"

मला अर्थ लागला नाही. मी विचारले. तिने घडीवरची नजर न काढता सांगितले की सगळ्यांना सगळे ठाऊक आहे. दर रविवारी माझा ठिपका आतकरवाडीच्या टपरीपाशी येतो, तिथे दोन-तीन तास बसतो आणि पुढच्या बसने परत फिरतो. पहिल्या खेपेला मुलगा घाबरला होता, गाडी काढून निघणारही होता, तेवढ्यात ठिपका घराकडे हलू लागला. दुसऱ्या खेपेला त्यांच्या ध्यानात आले. आता मला चढवत नाही आणि ते कबूलही करवत नाही, असा त्यांचा समज झाला. मुलानेच ठरवले की याविषयी बाबांना कोणी काही बोलायचे नाही.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "वय कोणाला चुकलंय?"

खरे सांगावे तर त्याच क्षणी बूट माळ्यावर जाणार होते. हनुवटीचे टाके, वर्तमानपत्रातली कात्रणे, सगळे पुन्हा सुरू होणार होते. मी बसून असतो अशी त्यांची समजूत होती म्हणूनच मला सोडले जात होते. गप्प बसलो तर गड राहणार होता, पण घरातली तिन्ही माणसे मला दर रविवारी चहाच्या टपरीवर लपणारा म्हातारा समजणार होती. फोन वर नेला असता तर प्रश्न उरला नसता, असे कोणी म्हणेल. पण आता मला चढवत नाही अशी घरच्यांची खात्री झाली होती; ठिपका वर गेला असता तर त्याबरोबर बूटही वर, माळ्यावर गेले असते.

मी गप्प बसलो. गडाची वाट मला अधिक हवी होती.

ते रविवार वाईट गेले. चढताना दम लागण्याऐवजी राग येई. मुलगा दुपारी नको तितक्या मृदू आवाजात विचारी, "दमला नाहीत ना बाबा?" त्याला काय उत्तर द्यावे? दमलो म्हटले तर चहा पिऊन दमलो असा अर्थ. नाही म्हटले तर सून हसू दाबण्यासाठी स्वयंपाकघरात जाई. सोमवारी पोटऱ्या भरून येत आणि मी जिन्यावरून सरळ चालण्याचा प्रयत्न करी, कारण लंगडण्याचे कारण सांगता येण्याजोगे नव्हते.

पुढे सुनेचे वडील अमरावतीहून चार दिवसांसाठी आले. गृहस्थ मनमिळाऊ आहेत. बोलतात फार. रविवारी मी परतलो तेव्हा पाने मांडली होती. मी हातपाय धुऊन बसलो. व्याह्यांनी विचारले, "काय म्हणता, तुम्ही तर दर रविवारी पहाड चढता म्हणे?"

माझ्या आधी मुलगा बोलला. त्याचा हेतू चांगला होता. त्याचे हेतू नेहमीच चांगले असतात. त्याने सांगितले की बाबा आता वरपर्यंत जात नाहीत, पायथ्याशी निवांत बसतात, आणि वयाच्या मानाने तेही खूप आहे.

पुण्यातल्या तीन माणसांपुढे मी गप्प होतो. अमरावतीचा चौथा माणूस मला झेपला नाही. मी म्हणालो, "मी दर रविवारी वर जातो."

सुनेने वडिलांच्या पानात भात वाढला. व्याही समजूतदारपणे म्हणाले, "जात असाल न जी. मनानं तर आपण सारेच जातो."

मी सांगितले की फोन खाली ठेवून जातो. मुलाने विचारले, का? मी म्हणालो, "वर न्यायचा नसतो."

मुलाने बायकोकडे पाहिले. बाबांच्या डोक्यावरही काही परिणाम होऊ लागला आहे, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. पण माझी पत्नी वाढता वाढता थांबली होती. आमटीचा डाव तिच्या हातात तसाच होता. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी दाराशी खिसे चाचपताना तिने पाहिले होते. चुकून राहिलेले सुटे पैसे तिच्याच हातावर ठेवून मी निघत असे. या घरात तेवढी एकच व्यक्ती होती जिला ते वाक्य कळू शकत होते.

"खरं बोलतायत," ती मुलाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "म्हणजे इतके रविवार तुम्ही वर होतात. फोनशिवाय. एकटे. आणि आम्ही इथे निश्चिंत झोपलो होतो."

मी म्हटले, हो.

"आता बंद."

अशा रीतीने घरात माझी पत परत आली आणि त्याच वाक्याने माझा रविवार गेला. व्याह्यांनी अभिनंदन केले. मुलाने क्षमा मागितली आणि लगेच पत्नीची बाजू घेतली. सुनेने मात्र माझ्या पानात दुसरी पोळी वाढली, मग तिसरी.

आठवडाभर मी त्या विषयावर बोललो नाही. इतर विषयांवरही बोललो नाही. पत्नीही बोलली नाही. आमच्या घरात अबोल्याची सवय फक्त आम्हा दोघांना आहे. मुलाला आणि सुनेला तो सोसत नाही, ते एकमेकांना फोनवर संदेश पाठवत राहतात. शनिवारी संध्याकाळी मी बूट शोधले. ते जागेवरच होते. त्याचा अर्थ मला लागला नाही.

रविवारी पहाटे उठलो तर स्वयंपाकघरात दिवा होता. पत्नी नेसून तयार होती. दाराशी घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि तिची वाचायची पोथी. म्हणाली, "मी येते. खाली बसेन."

मी तिला गुडघ्यांची आठवण करून दिली. "ते चढायला दुखतात," ती म्हणाली. "बसायला नाही दुखत. आणि फोन माझ्याकडे द्या. परक्या बाईकडे कशाला?"

मी तिला सांगून पाहिले की खाली बसून तिला काय कळणार. ती म्हणाली, उशीर झाला तर गावातली माणसे वर पाठवता येतील, घरात बसून तेवढेही करता येत नाही. मी घडीची खुर्ची उचलली.

तेव्हापासून आम्ही दोघे जातो. तिला बसमध्ये खिडकी लागते. उतरल्यावर टपरीपर्यंतची चाल तिच्या पावलांनी होते, त्यामुळे वाटेला लागेपर्यंत ऊन वर आलेले असते आणि तरुण पोरांचे घोळके गाणी वाजवत पुढे गेलेले असतात. त्यांच्या मागून त्यांची धूळ खात चढावे लागते. टपरीवालीशी तिची मैत्री झाली आहे. टपरीवालीला आता माझा रक्तदाबही ठाऊक आहे. मागच्या खेपेला मी वर निघताना टपरीवालीने मला सुनावले, "काका, बिगीबिगी या. काकू हितं वाट बघत्यात. लई हिंडू नका वर."

मी हिंडत नाही. पुणे दरवाजातून आत जातो, देवटाक्याचे पाणी पितो आणि परततो. कल्याण दरवाजाची फेरी सुटली. खाली कोणी बसले आहे हे डोक्यात असले की वरचा वारा पूर्वीसारखा लागत नाही. ज्या एकांतासाठी मी जात होतो तो बहुधा त्या खुर्चीखाली चेपला गेला आहे. तिला हे सांगितलेले नाही. गड राहिला एवढ्यावर समाधान मानावे असे स्वतःला बजावतो. ते होत नाही.

परवाच्या रविवारी उतरून आलो तर खुर्ची रिकामी होती. टपरीवालीने वाटेकडे हात केला. खालच्या टप्प्यात, माझ्या उतरण्याच्या वाटेपासून जरा बाजूला, एका खडकावर पत्नी बसली होती. उतरताना माझे लक्ष पायांखाली असते, म्हणून ती दिसली नव्हती. मी परत चढून तिच्यापर्यंत गेलो. पदराने घाम पुसत होती. वर काय आहे ते जरा पाहावे म्हणून निघाली, चढली, आणि आता उतरायची भीती वाटत होती.

"मघाशी तुम्ही समोरून गेलात," ती म्हणाली. "हाक मारायला तोंडात दम नव्हता." मग पदर खोचत विचारले, "आणखी किती आहे वर?"

मी म्हणालो, "ही सुरुवात आहे."

तिने वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हात पुढे केला. मी तो धरला आणि एकेक दगड चाचपत तिला खाली आणू लागलो. मागून येणारी माणसे खोळंबली. एकाने बाजूने जाताना आजी-आजोबा म्हणून आमचे छायाचित्र घेतले. मी त्याला चार शब्द सुनावले. तिने मला गप्प केले.

टपरीशी टेकल्यावर ती पाणी प्याली आणि तिने सांगितले की पुढच्या रविवारी ती त्या खडकाच्या वर जे आंब्याचे झाड दिसते तिथपर्यंत येऊन पाहणार आहे. म्हणजे माझा चढ आता त्या झाडापर्यंत तिच्या पावलांनी होणार आणि पुणे दरवाजा गाठणेही कठीण होणार. मी नको म्हटले नाही. तसे म्हणून उपयोग नसतो.