आण्णांना अरुंधती दिसेना

बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स डोळ्यांत घालून झाले होते, थिएटर तयार होतं, आणि माझे पेशंट दौलूआण्णा कॉटखाली चपला शोधत होते.

"मला ऑपरेशन नगं. घरला जातो."

आण्णा कोडोलीचे, वय ऐंशीच्या आसपास. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं. ते काढायचं आणि नवं बसवायचं. कोल्हापुरात मी वीस वर्षं हेच करते. घाबरलेले पेशंट मला नवे नाहीत. पण आण्णा निवांत होते, आणि त्याचाच मला राग आला.

त्यांची लेक शालन रडकुंडीला आली होती. "म्हस पण दिऊन टाकली हो भावकीत. इचारलं तर बोलत न्हायीत."

मी स्टूल ओढून बसले. "आण्णा, खरं काय ते सांगा. थिएटर थांबलंय."

"नातीच्या लग्नात भटजींनी अरुंधती दावली," ते म्हणाले. "समद्यास्नी दिसली, मला न्हाय. ती दिसंना झाली की मानूस सा म्हैन्याचा सोबती. दोन तर गेलं की. ऱ्हायलेल्या चार म्हैन्यासाठी डोळा कशाला कापताय?"

शालननं पदर तोंडाला लावला. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

मी सरळ ओरडले. "अहो, सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून अरुंधती, अगदी मंद. तुम्हाला माझ्या चार्टवरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसत नाही, ती कुठून दिसणार?"

आण्णांनी सापडलेल्या चपला हातात घेतल्या. मग मी आवाज खाली आणला.

"मुळात ती मंद नाहीच. आपल्या सूर्यापेक्षा मोठी, जास्त तापलेली, पांढरीशुभ्र. फक्त लांब आहे. तिचा उजेड इथं यायला ऐंशी वर्षं लागतात. तुम्ही जन्मलात त्या सुमाराला निघालेला उजेड आत्ता कोडोलीत पोचतोय. एवढ्या लांबनं पावणं आलंय, आणि तुम्ही दार लावून बसलाय."

आण्णांनी चपला खाली ठेवल्या. "दार उघाडल्याव दिसंल?"

"दिसेल. मी स्वतः येऊन दाखवते."

डॉक्टरनं अशी गॅरंटी द्यायची नसते. मी दिली.

दोन्ही डोळे झाले. नंबर स्थिरावल्यावर कोडोलीहून जेवणाचं आमंत्रण आलं. अंधार पडताच आम्ही गच्चीवर गेलो. आण्णांनी मान वर केली आणि बोटानं सप्तर्षी मोजत शेपटीपर्यंत आले.

"हाय की," शेवटी म्हणाले. "वसिष्ठाच्या अंगालाच हाय."

शालन रडायला लागली. मग ऐटीत मी वर बघितलं. वसिष्ठ दिसला. शेजारी काही नाही. डोळे बारीक केले. तरी नाही.

"दिसली न्हवं, म्याडम?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

आण्णा माझ्याजवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "शालन, म्याडमना आदी जेवाय वाढ. तूप जास्त घाल."

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या आधी मी पेशंटच्या खुर्चीत बसले. असिस्टंटनं तपासलं. लांबचा नंबर, उणे पाऊण. वीस वर्षं गावाचे डोळे तपासले, स्वतःचे राहूनच गेले होते. वर्षातनं एकदा डोळे दाखवून घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. आता स्वतःही ऐकते.

म्हैस परत आली. गच्चीवरच्या त्या रात्रीला सहा महिने उलटल्यावर आण्णा तपासणीला आले आणि आधी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "म्याडम हायीत न्हवं?"

"आहे!" मी आतूनच ओरडले.