दॉ खिनचं पालथं वाडगं

दॉ खिन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच निघाले होते. अंगात कोट होता, एक पाय बुटात होता. फोन विहारातल्या भंतेजींचा. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही, इंग्रजी दोघांचंही तोडकंच. ते म्हणाले, "खिन... धिस मॉर्निंग... गॉन." मी नुसतं "येस भंतेजी, येस भंतेजी" म्हणत राहिले. फोन ठेवला, बूट काढून जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. सिंकजवळच्या जाळीवर तिचं वाडगं होतं. पालथं. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. चौथीनंतर माझी शाळा सुटली, लिहायची सवय नाही. पण चार माणसांत बोलायला लागले की माझा आवाज जातो, म्हणून लिहिते.

आमचे हे वारल्यावर मिलिंदने, माझ्या मुलाने, मला बर्मिंगहॅमला आणलं. तो इथे इंजिनीअर आहे, घर त्याचं, संसार त्याचा. पहिलं वर्ष मी पडद्याआडून रस्ता बघण्यात काढलं. मग त्यानेच शोधून काढलं. "आई, इथे बर्मी लोकांचा विहार आहे. बुद्ध तर तोच ना?" रविवारी तो मला गाडीने सोडायचा. मी चपलांच्या फळीपाशी बसून राहायची. एके दिवशी गालाला चंदनासारखा पिवळा लेप लावलेली, उंच, वाळकी बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि चक्क हिंदीत म्हणाली, "बहन, खाना खाया?" मी घाबरून "हो, हो, खाया" म्हटलं. वाटलं, ही आता वाढायला आणते. पुढे कळलं, त्यांच्याकडे भेटल्यावर असंच विचारतात, आपण "बरं आहे ना" म्हणतो तसं. ती रंगूनला ज्या गल्लीत वाढली तिथे खालच्या मजल्यावर आपल्या देशातले कापडवाले, दूधवाले राहायचे. त्यांच्या पोरांबरोबर खेळून तिला हिंदी आलेली. 'दॉ' म्हणजे मोठ्या बाईच्या नावाआधी लावायचं. मी तिला दॉ खिन म्हणायची, ती मला बहन.

मग ती रविवारी वंदना झाल्यावर आमच्याकडे जेवायला यायला लागली. सूनबाईने काढलेली ताटं तिला चालेनात. भात वाडग्यातच गोड लागतो म्हणायची. रंगूनहून आणलेलं निळं एनॅमलचं वाडगं, काठाचा टवका उडालेलं, तिने आमच्याकडेच ठेवून दिलं. मी सुकटीची चटणी केली त्या दिवशी सूनबाई वासाने खिडक्या उघडत फिरत होती आणि दॉ खिन दारातूनच ओरडली, "अरे, ये तो हमारा घर का बास!" त्या दिवशी जेवण झाल्यावर मी तिचं वाडगं धुतलं आणि आपण घालतो तसं जाळीवर पालथं घातलं. ती पाणी पिता पिता उठली आणि तिने ते सुलटं केलं. "बहन, ये उल्टा मत रखो." मग सांगितलं. माणसाने फार मोठा अधर्म केला की भिक्खू त्याच्या घरची भिक्षा घेत नाहीत. त्याच्यासमोर आपलं पात्र पालथं धरतात. तो चूक मान्य करून माफी मागेपर्यंत ते पालथंच. "हमारा देश में इससे बड़ा सजा नहीं." तेव्हापासून माझ्या जाळीवर सगळी भांडी पालथी आणि तिचं एकच वाडगं सुलटं, तळाशी थोडं पाणी साचलेलं.

तिच्या देशाचं ती हसत हसत सांगायची, मला मात्र हसू यायचं नाही. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. एक दिवस सैनिक आले आणि नवी पाटी लावून गेले, दुकान आता जनतेचं. वडील आपल्याच दुकानात नोकर झाले. विकायला पुढे कापडच येईना. गल्लीतले आपले लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत बसून परत गेले. ती मोठी झाली, शाळामास्तराशी लग्न झालं, तर एक दिवस रेडिओवर सांगितलं की घरातल्या नोटा आजपासून रद्द, बदलूनही मिळणार नाहीत. मास्तरांनी त्या चुलीत घातल्या आणि चहा केला. "बहन, इतना महँगा चाय तो राजा भी नहीं पिया होगा!" पुढच्या वर्षी पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या चालल्या, मास्तरांच्या वर्गातली काही परत आली नाहीत. मग ही दोघं निघाली. इथे ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धूत राहिली. मास्तर इथेच वारले. मूलबाळ नाही.

एका पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या, तिथल्या सरकारने रातोरात पेट्रोल-डिझेलचे भाव वाढवले. बसचं भाडं परवडेना, लोक कामाला चालत जायला लागले. मग भिक्खू रस्त्यावर आले. आमच्या टीव्हीवर आम्ही दोघींनी ते बघितलं. भर पावसात अनवाणी रांगच्या रांग, आणि कितीतरी जणांच्या हातात पात्र पालथं. दॉ खिन सोफ्यावरून उठली आणि हात जोडून उभी राहिली. मीही उभी राहिले. काही दिवसांनी गोळीबार झाला आणि मग तिकडून चित्रंच यायची बंद झाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यातला तो रविवार. आम्ही जेवत होतो. मिलिंद बाहेरून आला तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन. त्याने पहिला पेढा दॉ खिनच्या हातावर ठेवला.

"मावशी, गुड न्यूज! आमच्या कंपनीला तुमच्या देशातलं काम मिळालंय. गॅसची पाइपलाइन. त्यातले कॉम्प्रेसर मी डिझाइन करणार."

खरंच, तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं.

तिने विचारलं, "गॅस किधर जाएगा, बेटा?"

"बॉर्डरपलीकडे. तिकडे मार्केट आहे ना. पण मावशी, पाइपलाइन आली की रस्ते येतात, नोकऱ्या येतात. देश असाच पुढे जातो."

आधीची एक पाइपलाइन दॉ खिनच्या मावसबहिणीच्या गावावरून गेली होती. सैनिकांनी घरटी एक माणूस ओझी वाहायला, रस्ता खणायला नेला होता, बिनमजुरीचा. गॅस परदेशी गेला आणि गावात बायका अजून कोळशावर भात शिजवतात, दिवे येतात नि जातात. हे तिने मला सांगितलं होतं. मिलिंदला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पेढा हळूच बॉक्समध्ये परत ठेवला. उरलेला भात संपवला, वाडगं धुतलं, पुसलं आणि जाळीवर पालथं घातलं.

मिलिंद हसला. "बघ आई, मावशीपण आपल्यासारखं भांडं पालथं घालायला शिकल्या!"

सूनबाईही हसली. जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या रविवारी ती आली. "बहन, खाना खाया?" तेवढ्याच मायेने विचारलं. टीव्ही बघितला, माझ्या नातींच्या वेण्या घातल्या, पाणीसुद्धा प्यायली. जेवली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मीही मग रविवारी जेवायची सोडली. घरात वाटलं, उपास असेल. एकदा धीर करून मी मिलिंदला म्हटलं, "ते काम दुसऱ्या कोणाला देता येणार नाही का रे?" तो दमला होता. म्हणाला, "आई, आमचं फक्त डिझाइन आहे. तिकडे कोण काय करतं ते मी कसं बघणार? आणि हे घर, मुलींच्या शाळा, सगळं या नोकरीवर चाललंय." ते खरं होतं. मी ज्या उशीवर डोकं टेकते ती उशीही त्याच नोकरीची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या देशावर चक्रीवादळ आलं. खाडीकाठची गावंच्या गावं वाहून गेली, आणि बाहेरून आलेल्या मदतीच्या बोटी सरकार किनाऱ्याला लागू देईना. तिची सख्खी बहीण त्याच भागात होती. दॉ खिन विहारात आली नाही, फोन उचलला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसमध्ये बसले आणि तिच्या कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी भाड्याच्या, फ्लॅटवर गेले. डब्यात पेज होती. ती टीव्हीसमोर जमिनीवर बसलेली, ओठ सुकलेले. मी डबा उघडला. तिने बघितलं आणि मान हलवली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या हातचंही नको?"

तिने माझा हात धरला. "बहन, तुम्हारा हाथ का मैंने कभी ना नहीं बोला. वो घर का बोला." मग स्वयंपाकघराकडे बोट केलं. "उधर मेरा चावल का डब्बा है. तुम पकाओ. मैं खाएगा."

मी तिच्या तांदळाची पेज केली. ती प्यायली, वाडगाभर. मी भिंतीकडे तोंड करून रडले. तिने मला इतकं सांभाळून घेतलं होतं की मला तोंड लपवायलाही जागा उरली नव्हती. आपला हात घरापासून असा वेगळा काढता येतो का... मला अजून कळलेलं नाही. बहिणीचा पत्ता लागला नाही. पुढे ती आजारी पडली आणि शेवटपर्यंत मी तिच्याकडे बसने जात राहिले, तिच्याच डब्यातला तांदूळ शिजवत.

सातव्या दिवशी विहारात तिच्या नावाने भिक्खूंना भोजनदान होतं. मिलिंद म्हणाला, "आई, तांदूळ, भाजी, सगळं आपल्याकडून देऊ. मावशी आपल्याच होत्या." मी नको म्हटलं. तिच्या डब्यात तळाला उरला होता तेवढाच तांदूळ मी शिजवून नेला. एकेकाच्या पात्रात घास घासच आला.

काल संध्याकाळी मिलिंद चहाचा कप ठेवायला सिंकपाशी आला. म्हणाला, "आई, हे वाडगं इथे सारखं पालथं का? सुकलंय ना. कपाटात ठेवू?" त्याने हात पुढे केला.

"नको," मी म्हटलं. आणि मग थांबता आलं नाही. भिक्खूंच्या पात्राचं सांगितलं, तिच्या मावसबहिणीच्या गावचं सांगितलं, त्या दिवशीच्या पेढ्याचं सांगितलं.

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "मावशींनी मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं रे. तू हसलास."

तो उभा राहिला. काम सोडीन म्हणाला नाही, आणि मीही तसं म्हण म्हटलं नाही. त्याने कप धुतला. वाडग्याला धक्का लागू नये म्हणून जाळीच्या अगदी कडेला ठेवला.

आज सकाळी मी भांडी लावली. मिलिंदचा कप फडताळात ठेवला. निळं वाडगं आहे तिथेच आहे. ते सुलटं करायचं मला कितीदा मनात येतं. पण पालथं तिने घातलंय, आणि माफी मी एकटीने मागून भागणार नाही.