सेन्सर बारवरची काळी पट्टी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. स्वभावच संशयी. दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांचं माप मी परत तपासते.

माझी थोरली जाऊ, शोभाताई, गच्चीच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं आखडलेलीच. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीव्हीवरचा बोलिंगचा गेम खेळा, रिमोट धरून बॉल फेकल्यासारखा हात फिरवायचा, म्हणजे हात हलता राहील. सीताबर्डीच्या एका स्टॉलवरून जुना सेट मीच आणला. स्टॉलवाल्यानं लावून दाखवताना गंमत सांगितली — टीव्हीखालच्या पट्टीला म्हणतात सेन्सर बार, पण ती स्वतः काहीच ओळखत नाही! तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे दिवे आहेत, बस. ते बघणारा डोळा रिमोटच्या तोंडाशी, आणि हाताचा झटका ओळखणारी चिप त्याच्या पोटात.

शोभाताई खेळायला लागली. काय हात फिरवायची! बॉल सुसाट, पिना आडव्या, आणि ही लहान पोरीसारखी हसते आहे. त्याच आठवड्यात वर्षाच्या तिखटासाठी भिवापुरी मिरच्या आल्या. देठं खुडायला बसलो, तर दोन मिरच्यांतच — "माह्या बोटाईनं धरवत नाही वं." धरवत नाही? मग तो बॉल कोण फेकतं? सगळ्या मिरच्या मी एकटीनं खुडल्या. हाताची आग, डोळ्यांची आग, डोक्याची तर विचारूच नका. नाटक करते आहे, असं मी ठरवूनच टाकलं.

मग मी — कसं सांगू — बारच्या दोन्ही टोकांवर काळी चिकटपट्टी लावली. काळ्यावर काळी, कोणाला दिसणार? बारीकशी फट तेवढी ठेवली. नेम धरायला पडद्यावर एक छोटा हात दिसतो. तो थरथरायला लागला, मधेच गायब व्हायला लागला. चिडून तिनं बोटं आवळली की तिचं सोंग गळून पडतं का, ते मला बघायचं होतं.

ती चिडली नाही. स्वतःच्या हाताकडे बघत बसली. दोन-तीन दिवस झगडली, मग रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "मशीनले काहून दोष देऊ? माहा हातच गेला वं." डोळ्यांत पाणी. पट्टी काढायला कितीसा वेळ लागला असता? मी नुसती मान हलवली. त्यानंतर तिनं व्यायामही सोडला.

पट्टी मी दुसऱ्या दिवशी काढली, ती अंघोळीला गेली असताना. पुढे डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, हात खांद्यातून फिरवला तरी रिमोटला झटका कळतो, त्याला बोटांत जोर लागत नाही. बोटं हळूहळू सुटत होती, व्यायाम सोडायला नको होता हो त्यांनी. म्हणजे ती खोटं बोलतच नव्हती. तेव्हाही मी — तेव्हाही — गप्प राहिले.

आज तिची मूठ मिटत नाही. लग्नाकार्यात उजवा हात पदराखाली ठेवते. पोळीचे तुकडे मी करून देते, आणि ती आल्यागेल्याला सांगते, "माही जाऊ सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त करते." अशा वेळी मी तिचा चेहरा बारकाईनं बघते — हिला कळलं तर नसेल? नाही. तिनं माझ्यावर कधी संशय घेतलाच नाही.