वर सहा, उजवीकडं चार

तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या चुकांना लाल पेनानं गोल केले आणि निवृत्त झाल्यावर ती खोड घरी घेऊन आले. आमटीत मीठ जास्त पडू दे, नाहीतर कुणी फोनवर गावाला ऐकू जाईल असं बोलू दे, माझ्या तावडीतून सुटका नाही. आमच्या यांना ते पक्कं ठाऊक आहे. आयुष्यभर फौजेत हत्यारं दुरुस्त केलेला हा हवालदार माणूस, पण माझी बडबड संपायची वाट बघत शांत बसतो आणि मग विचारतो, "बाई, तपासणी झाली असंल तर च्या मिळंल का?" सगळं गाव मला बाई म्हणतं, म्हणून हेही म्हणतात.

इतरांच्या एवढ्या चुका काढलेल्या बाईला स्वतःची चूक सांगायची म्हणजे जिवावर येतं. तरी सांगते.

आमचं गाव संगमनेरपासून थोडं आत आहे. घरामागं कांद्याची चाळ आहे. साठवलेला उन्हाळ कांदा विकून झाला की ती पुढच्या चैत्रापर्यंत रिकामीच असते. फौजेतून आल्यावर यांनी त्या रिकाम्या चाळीत टेप लावून दहा मीटर मोजले. एका टोकाला जुन्या चिंध्या ठासलेला पत्र्याचा डबा ठेवला, त्यावर काळ्या गोलाचा कागद चिकटवला आणि स्पर्धेत वापरतात तसलं हवेचं पिस्तूल जुन्यातलं विकत आणलं. दर रविवारी गावातली मुलं शिकायला यायची. कागद बदलायचं, गुण मांडायचं काम माझ्याकडं होतं. मी स्वतः कधी नेम धरला नाही, पण बघून बघून मला बरंच कळायला लागलं होतं.

या पिस्तुलाला दुर्बीण नसते. नळीच्या टोकाला लोखंडाची एक छोटी खुंटी आणि मागं, डोळ्याच्या बाजूला, लोखंडाचीच खाच. यांच्या भाषेत पुढची साईट आणि मागची साईट. खुंटी खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट पाहिजे आणि दोघींचा माथा एका रेषेत पाहिजे. मागच्या साईटला दोन बारीक स्क्रू असतात. वरचा फिरवला की छर्रा वरखाली सरकतो, बाजूचा फिरवला की डावीउजवीकडं. फिरवताना बोटाला एकेक टिचकी लागते, टक् असा बारीक आवाजही येतो. त्या स्क्रूंना हात फक्त यांनी लावायचा, असा चाळीतला कायदा होता.

मागच्या दिवाळीनंतर यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. संगमनेरच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. बोलणं आठवड्यात परत आलं, पाय महिन्याभरात आला, उजवा हात मात्र मागं राहिला. आणि या माणसाला कुणाची मदत चालेना. सदऱ्याच्या एका बटणाशी अर्धा अर्धा तास झगडत बसायचे. मी पुढं झाले की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." पाण्याचा तांब्या पुढं केला तरी "ऱ्हाऊ दे." त्या दिवसांत हे दोन शब्द मी इतके ऐकले की मला त्यांचा राग यायला लागला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हाताला जुनं सवयीचं काम कोणतं? मी चाळीकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, मग तेच थोडं थोडं करू द्या.

कोपर पोत्यांच्या थप्पीवर टेकवून यांनी पहिले पाच छर्रे मारले. मी कागद आणायला गेले आणि तिथंच घुटमळले. पाचही काळ्या गोलाच्या बाहेर, खाली डावीकडं सांडलेले. यांनी कागदाकडं बघितलं आणि तो घडी करून बाजूला ठेवला. आठवडाभर रोज तेच. एका सकाळी त्यांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि मला म्हणाले, "पोरांना सांग, दुसरीकडं शिका. हा हात मेला." त्यानंतर ते भिंतीकडं तोंड करून पडले. व्यायामाचा रबरी चेंडू पलंगाखाली गेला होता, तो काढायलाही मला सांगितलं नाही. मला भीती वाटली. हा माणूस श्वास घेतोय, जेवतोय, पण आपल्या हातून जातोय, अशी भीती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा मी पेटी उघडली. चष्म्याचे स्क्रू पिळायचा पेचकस घेतला. वर सहा टिचक्या, उजवीकडं चार. एकेक टिचकी गावभर ऐकू जातेय असं वाटत होतं. मुलांच्या खिशातल्या कॉप्या मी इतकी वर्षं पकडल्या, पण कॉपी करणाऱ्याच्या छातीत कसं धडधडतं ते त्या दिवशी कळलं.

सकाळी मी भुणभुण सुरू केली. "डॉक्टरीणबाई फोन करणारेत. पाच तरी मारा. मी काय सांगू त्यांना?" शेवटी हे कंटाळून उठले. पाच मारले. मी कागद आणून हातात दिला. दोन आठ, एक नऊ, बाकीचे दोन चार-पाचात. ते कितीतरी वेळ कागद उजेडाकडं धरून उभे होते. मग म्हणाले, "दुसरा लाव."

त्या दिवशी त्यांनी वीस छर्रे मारले आणि दोन भाकरी खाल्ल्या. पलंगाखालचा चेंडू स्वतः वाकून काढला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. आमच्या घरात कांदा चिरायचं निमित्त केव्हाही हाताशी असतं.

मग दिवस भराभर सुधारले. चेंडू दाबणं, काठी फिरवणं, चाळीपर्यंत दहा खेपा, सगळं ते कुणी न सांगता करायला लागले. पोत्यांचा टेका सुटला. रोजचे कागद मी शाळेतल्या जुन्या वहीत चिकटवत होते, खाली गुण लिहीत होते. आपण केलं ते बरंच केलं, असं मला वाटायला लागलं होतं.

माघात छर्रे सरकायला लागले, वर आणि उजवीकडं. त्याचा अर्थ मला लगेच कळला. हात बरा होत होता, आणि माझ्या टिचक्या आता जास्त होत होत्या. गुपचूप दोन-चार काढून टाकायला हव्या होत्या. पण बरा होत चाललेला माणूस दुपारी झोपेना! पिस्तूल स्वतः पुसायचा, स्वतः ठेवायचा, पेटीशेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचायचा. आजारपणात जो माणूस उठावा म्हणून देवाला हात जोडले, तो आता घटकाभर झोपावा म्हणून जोडत होते.

एका सकाळी त्यांनी मला चाळीत बोलावलं. कांद्याच्या क्रेटवर बसले होते, मांडीवर तीन कागद.

"बाई, माझा हात खाली वढतो. डावीकडं वढतो. व्हय ना?"

"व्हय."

"मंग ह्ये छर्रे वर, उजवीकडं कसे काय गेले?"

"उजेड बदलला असंल."

"उजेडानं यवढं न्हाई बदलत."

"मंग उंदरानं साईटला धक्का दिला असंल," मी म्हणाले. हे उत्तर माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं दिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

ते हसले नाहीत. "किती?" त्यांनी विचारलं.

"वर सहा, उजवीकडं चार."

"कवापासनं?"

"तुमी पेटी बंद केली, त्याच्या दुसऱ्या दिसापासनं."

त्यांनी कागद नीट घडी करून खाली ठेवले. "परीक्षेत पोराच्या हातातनं पेपर वढून तू सोडवला व्हता का कधी?"

"न्हाई."

"मंग माजा का सोडवला? मी बरा व्हतोय का न्हाई, ते मला सांगनारं दुसरं कोन हुतं? डाक्टर गोड बोलत्यात, आपली पोरगी फोनवर गोड बोलती. खरं बोलनारा त्यो कागद हुता. त्यो बी तू खोटा करून ठिवला."

मला लई लागलं ते. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "तुमी भिताडाकडं तोंड करून पडला हुता," मी म्हणाले. "मला तुमी उठायला पायजे हुता. कागद खरा का खोटा, ते मला कशाला सुचतंय?"

ते उठून घरात गेले. दिवसभर बोलले नाहीत. चहा घेतला, जेवले, पण माझ्याकडं बघितलं नाही. आता पेटी परत बंद होणार आणि या वेळी ती माझ्यामुळं होणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. भांडी घासताना मी देवाला सांगितलं, महिनाभर बोलले नाहीत तरी चालेल, पण पलंग धरू देऊ नकोस.

सकाळी उठले तर चाळीचं दार उघडं होतं. हे क्रेटवर बसले होते, पिस्तूल मांडीवर, हातात माझाच पेचकस. माझ्या टिचक्या ते स्वतः काढत होते. पेचकस स्क्रूच्या खाचेतून निसटत होता, कपाळावर घाम आला होता. मी हात पुढं केला. "ऱ्हाऊ दे." मी पदर बोटाला गुंडाळत उभी राहिले. सहा खाली, चार डावीकडं. एवढ्याला पाव तास लागला.

मग त्यांनी पाच छर्रे मारले.

मी कागद काढला. पाचातला एकही मध्यावर नव्हता. सगळे खाली डावीकडं, सहा-सातच्या घरात. तो कागद त्यांच्या हातात द्यायची मला हिंमत होईना. त्यांनीच ओढून घेतला. बघितला. आणि हसले. झटक्यानंतर मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघत होते.

"बाई, भोकं बघ. गुन बघू नको."

मी बघितलं. पाचही भोकं चहाच्या कपाच्या बुडाखाली झाकली गेली असती.

"साईट फिरवून छर्रे मदी आनता येत्यात. एका जागी आनता येत न्हाईत. ते हातालाच करावं लागतं." ते भोकांवरून अंगठा फिरवत होते. "पसरल्याले असले तर चूक हाताची. तवा साईटला हात लावायचा न्हाई. पाच एका जागी पडले, की मंग लावायचा. आता लावायचा."

मी घरातून वही आणली. पहिल्या पानापासून बघत गेले. सुरुवातीच्या कागदांवर छर्रे कुठं म्हणून पडले नव्हते? मग पानागणिक ते जवळ जवळ येत गेले होते. हे मी रोज माझ्या हातानं चिकटवलं होतं, खाली गुणही लिहिले होते. माझं लक्ष फक्त मधल्या काळ्या गोलाकडं होतं. त्याच्या बाजूला माझा नवरा इंचाइंचानं बरा होत होता आणि ते मला दिसलं नव्हतं.

त्यांनी पेचकस परत साईटला लावला. तो निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. मघाच्या खटपटीनं बोटं दमली होती. मी या वेळी हात पुढं केला नाही, चाळीच्या फळ्यांकडं बघत राहिले.

"ए," ते म्हणाले. बाई नाही, नुसतं ए. बघितलं तर पेचकस माझ्याकडं धरला होता, मूठ माझ्या बाजूला करून. "माज्या बोटांस्नी न्हाई जमत. तू फिरव. मी मोजतो."

चार महिन्यांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली मदत. मला नीट दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.

मी वरचा स्क्रू फिरवायला लागले. एक. दोन. तीन. पेचकस सवयीनं चौथीला निघाला होता, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. उजवा हात.

"बास," ते म्हणाले. "तेवडंच ऱ्हायलंय आता."