उलटतपासणीची खुर्ची

आर्णीच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आमच्या सरांना पोरं 'वकील सर' म्हणत. कोर्टाची पायरी ते कधी चढले नव्हते, पण नाटकातल्या एकाही पात्रावर त्यांचा विश्वास नव्हता. नायिका रडली की आम्ही मुली हळहळायचो. सर चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "रडून राह्यली, ठीक आहे. पण कोणापुढं रडून राह्यली?"

टेबलापुढे ते एक खुर्ची ठेवत. एकाने पात्र होऊन तीत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याची उलटतपासणी घ्यायची. "पात्र बोलते ते अर्धं धरा, करते ते पुरं धरा," असं ते बजावत. मग निबंध. त्यात विधानाला नाटकातल्या संवादाचा आधार नसला, की समासात लाल शाईत 'कशावरून?' उमटे. गाईडातून उतरवलेलं वाक्य त्यांना दुरून कळे. माणूस खवट, पण शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मी फुलसावंगीसारख्या खेड्यातली, वसतिगृहात राहणारी, वर्गात तोंड न उघडणारी. एकदा मी लिहिलं, की नाटकातली सासू पाहुण्यांपुढे सुनेची स्तुती करते ती मायेने नाही, भीतीने. सरांनी माझी वही सगळ्यांसमोर उंच धरली.

"हे तुह्यं नाही. कोन्या गाईडातून उतरवलं?"

माझे कान तापले. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काही सुचलं होतं आणि तेच चोरीचं ठरत होतं. "मले खुर्चीत बसवा सर," मी म्हटलं.

अर्धा तास ते विचारत होते. शेवटी अगदी सहज म्हणाले, "पाहुणे गेल्यावर सासू सुनेले काय म्हणते?"

"तो प्रवेशच नाही सर. पाहुणे जायच्या आधीच पडदा पडते."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. "चुकलो. आता तू मले विचार."

तोंडातून निघूनच गेलं, "सर, शहरातल्या पोरीनं लिहिलं असतं, तर गाईडातलं म्हटलं असतं काय?"

त्यांनी माझी वही मला परत दिली. मग म्हणाले, "नसतं म्हटलं."

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. मी मारेगावला शिकवते. गाईड आता मोबाईलमध्ये शिरलंय, त्यामुळे माझा संशय सरांच्याही वरताण. आज कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून येणाऱ्या एका मुलीच्या निबंधातलं वाक्य फार सुंदर वाटलं, आणि भर वर्गात मी म्हटलं, "मोबाईलवरून घेतलं न?" तिने नुसती नकारार्थी मान हलवली आणि वही घेऊन जागेवर जाऊन बसली.

घरी येऊन बाकीच्या वह्या पुन्हा चाळल्या. तितकीच सुंदर वाक्यं मारेगावातल्याच आणखी दोघांची होती. त्यांच्याखाली मी 'छान' लिहिलं होतं.

सरांची फार आठवण येते आहे. उद्या तिची माफी मागायची आहे, आणि तिने 'मलेच काहून?' असं विचारलं तर खरं ते सांगायचं आहे.