काठावर ओढलेल्या मोटरी

ती घटना आठवली की अजूनही जिवाला चुटपुट लागते. तेव्हा माझी नेमणूक निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका लहान गावात होती. गाव एवढंसं, की कोणी शिंकलं तरी ठाण्यात कळायचं.

एका शेतकऱ्याने फिर्याद दिली. लग्नासाठी पिंपळगावला गेला होता. परत आला तर नदीवरची पाण्याची मोटर गायब. दुपारपर्यंत खबर मिळाली, की मोटर चाचांच्या दुकानात खोलून पडली आहे. चाचा मोटरी दुरुस्त करायचे. मूळचे मालेगावकडचे, पण बायकोसह इथे येऊन बरीच वर्षं झालेली. मी पंचनामा करून मोटर जप्त केली आणि चाचांना ठाण्यात आणलं. बाहेर ही गर्दी!

"बाहेरचं माणूस हे, साहेब. तांबं इकायला खोलली त्यानं," फिर्यादी ओरडत होता.

चाचा एवढंच म्हणाले, "साब, धरनाचं पानी सुटनार व्हतं. मी आन बायकोनं सगळ्यांच्याच मोटरी वर काढल्या. याच्या मोटरीत पानी घुसलं व्हतं, म्हनून सुकवायला नेली. घराला कुलूप, फोन लागंना. सांगनार कुनाला?"

नदीकाठचा रिवाज असा, की पाणी सुटणार असलं की जो आधी पोचेल त्याने सगळ्यांच्या मोटरी काठावर ओढायच्या. कोणी ओढल्या, हे नंतर कोणी विचारत नाही. मी मात्र एकेका मालकाला विचारत सुटलो. जो तो दुसऱ्याचं नाव सांगे आणि तो दुसरा कानावर हात ठेवी. शेवटी काठावर शेळ्या चारणारी एक बाई म्हणाली, "चाचा-चाचीच दोर वढत व्हते की. म्या पाह्यलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलंच नाय."

प्रकरण मिटलं. फिर्यादीने हात जोडले. चाचांनी मोटर जोडून, चालवून त्याच्या हवाली केली. आठवडा उलटला नाही तोच त्यांच्या दारात टेम्पो लागला. मी समजूत घालायला गेलो. चाची भांडी बांधत होत्या.

"साहेब, ठान्याबाहेरच्या गर्दीत माझ्या शेजारनी पन व्हत्या. त्या रोज माझ्याकडं चहाला यायच्या."

टेम्पो नाशिकला, द्वारका चौकाच्या बाजूला निघून गेला. निर्दोष माणसाला ठाण्यातून सोडणं माझ्या हातात होतं. त्याला पुन्हा त्या गावचा करणं नव्हतं. चोरी झालीच नव्हती, तरी एक घर गावातून उठलं. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.