पुसलेल्या ओट्यावरची राख

ईशाननं मूठ उघडली आणि आमच्या दारातल्या ओट्यावर राख भुरभुरली.

आई तिथंच उभी होती. हातात पाण्याचे गिलास भरलेला ट्रे. ओटा अजून ओला होता, तिनं नुकताच धुतला होता. राख पडली आणि चिकटून बसली.

"अजून थोडी. कडेला," मॅडम म्हणाल्या. "हां. आता कसं रोजच्यासारखं वाटतं."

मग ईशाननं आईला ओट्यावर बसवलं. कॅमेरा डोळ्याला लावला. फोटो काढतात म्हणून आई हसली.

"मावशी, हसू नका ना. रोज राहता तशा राहा."

माझी आई रोज हसते. भाजीवाल्याशी घासाघीस करताना हसते. बाबांवर ओरडताना तर मध्येच फिसकन हसते आणि भांडणच संपतं. पण हे लोक कोणत्या 'रोज'बद्दल बोलत आहेत ते तिला कळलं. तिनं तोंड मिटलं. मांडीवरचा ट्रे ईशाननं उचलून बाजूला ठेवला, तो फोटोत नको होता. पाणी कोणीच घेतलं नाही. सगळ्यांच्या हातात आपापल्या बाटल्या होत्या.

मी दाराला टेकून उभी होते. माझ्याच घराच्या दाराला.

ईशान माझ्या वर्गातला. मॅडम आमच्या प्राध्यापक. आम्ही एम.ए. करतो. विषय विकसनशील प्रदेशांचा अभ्यास, म्हणजे तिथलं राजकारण, अर्थव्यवस्था, संस्कृती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. घरी विषयाचं नाव सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे गरीब देशाइचा अभ्यास?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "त्याच्यासाठी कॉलेजात कायले जाते वं? घरीच बस." आम्ही खूप हसलो होतो. तेव्हा तो विनोद होता.

आमची वस्ती शहराच्या उत्तरेला आहे. मानकापूर मागे पडलं की पुढे चिमण्या दिसायला लागतात, वीज केंद्राच्या. कोळसा जळतो, त्याची राख तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळं सुकतं आणि वारा सुटला की ती राख आमच्याकडे येते. छताच्या टिनावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोळीच्या पिठात. बाबा तिथेच ठेकेदाराकडे कोळसा उतरवायच्या कामावर आहेत.

एक दिवस वर्गात मॅडम म्हणाल्या, "आपल्या फील्ड व्हिजिटला लांब कशाला जायचं? आपल्यातच एक मुलगी राखेच्या वस्तीतून येते." सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली नाही. खरं सांगते, आनंद झाला. विद्यापीठातली माणसं आमच्या घरी येणार.

घरी जाऊन मी आईला सांगितलं, पाहुणे येणार आहेत.

आमच्याकडे पाहुणे येणार म्हणजे काय होतं हे मॅडमना माहीत नव्हतं. आणि मॅडमना काय बघायचं आहे हे आईला माहीत नव्हतं. आईनं आदल्या दिवशीपासून घर साफ करायला काढलं. टिनावर चढून टिन झाडलं. पाण्याच्या ड्रमचं झाकण घासलं. विजेचा मीटर पुसला. दारातल्या जास्वंदीचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं, बाळाचं तोंड पुसावं तसं.

शेजारच्या लताकाकू आपल्या दारातून बघत होत्या. "काहून वं बाई, पोरीले पाहाले येऊन राहिले का?"

"कॉलेजातले येऊन राहिले," आई म्हणाली. "तूही आपलं टिन झाडून घे थोडं."

"माह्या टिनाले कोण पाह्यते? राहू दे."

गाडी आली. मॅडम उतरल्या, त्यांच्यामागे वर्गातली सहा-सात जणं. मॅडमनी ओटा बघितला, भिंती बघितल्या, जास्वंद बघितली. त्यांचा चेहरा पडला.

"अगं, पण इथे राख कुठे आहे?"

आई खुलली. तिला वाटलं, कौतुक चाललंय. "पुसली ना मॅडम! तुम्ही येऊन राहिल्या म्हणून."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मॅडमही हसल्या, प्रेमानं. त्या वाईट नाहीत. हे लिहायला पाहिजे. माझी फी भरायची राहिली होती तेव्हा त्या ऑफिसात जाऊन माझ्यासाठी बोलल्या होत्या. म्हणूनच मला तोंड उघडायला इतका वेळ लागला.

ईशाननं लताकाकूंच्या टिनावरून मूठभर राख आणली. बाकीचं मी सांगितलंच.

ते गेल्यावर आईनं फडकं घेतलं आणि ओटा परत पुसला.

आता इंडोनेशियाबद्दल.

एकदा बाबा कामावरून आले आणि म्हणाले, "आज जहाजाचा कोळसा होता. इंडोनेशियातून आला म्हणते." त्यांच्या मानेवर त्या कोळशाची भुकटी होती. मी ती बघत बसले. समुद्रापलीकडच्या बेटावर कोणीतरी जमीन उकरली, आणि ती जमीन माझ्या बापाच्या मानेवर बसली. मला ते बेट बघायचं होतं. तिथं कोणाचं राज्य चालतं, जमीन कोणाकडून घेतली, तिथल्या बाया काय रांधतात, कोणते सण करतात. मी वाचायला लागले. बसमध्ये मोबाईलवर त्यांची भाषा शिकायला लागले. सीताबर्डीला बस बदलायची असते, तिथल्या गर्दीत उभी राहून मी त्यांचे शब्द पुटपुटायचे. बाजूच्या बाया सरकून उभ्या राहायच्या.

प्रबंधाचे विषय ठरायची वेळ आली तेव्हा मी सांगितलं, इंडोनेशिया. कोळशाच्या खाणींचा प्रदेश.

मॅडम म्हणाल्या, "इंडोनेशिया ईशान करतोय. त्याला एक्सपोजर आहे. बालीला जाऊन आलाय."

ईशान बालीला मामेभावाच्या लग्नाला गेला होता. त्यानंच कँटीनमध्ये फोटो दाखवले होते. स्विमिंग पूलचे.

"तू तुझी वस्ती घे," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यासारखी ती कोण लिहिणार? तुझं ते ऑथेंटिक असेल."

मी वर्गातले विषय ऐकले. एकाला ब्राझील. एकीला केनिया. ईशानला इंडोनेशिया. मला माझं घर. वस्तीवर लिहायला मला कमीपणा वाटत नाही. पण बाकीच्यांना विचारलं होतं, तुला काय आवडतं. मला सांगितलं होतं, तू काय आहेस. मी म्हटलं, विचार करते मॅडम. मला सरळ नाही म्हणता येत नाही. अजूनही जड जातं.

मग विभागात चर्चासत्र झालं. दिल्लीहून एक मोठे प्राध्यापक आले होते. त्यांच्या संस्थेत पीएच.डी.ला घेतात, म्हणून सगळे नवे कपडे घालून आले होते. ईशाननं फील्ड व्हिजिटवर निबंध वाचला. पडद्यावर फोटो आला.

माझी आई. भिंतीएवढी. तोंड मिटलेली. बाजूला राख.

खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'राखेत थिजलेली माणसं'.

ईशान इंग्रजीत वाचत होता. "हे लोक राखेला इतके सरावले आहेत, की ती त्यांना दिसेनाशी झाली आहे. ते ती झटकतही नाहीत."

झटकतही नाहीत.

मॅडम उठल्या आणि माझ्याकडे हात करून पाहुण्यांना म्हणाल्या, ही विद्यार्थिनी त्याच वस्तीतली आहे. मग मला म्हणाल्या, "बोल दोन शब्द. कसं वाटतं तिथे राहताना, ते सांग."

मी उभी राहिले. आवाज निघाला तो माझा वाटलाच नाही.

"ही माझी आई आहे. ती राख आईनं पुसली होती. ईशाननं परत टाकली."

पाहुण्यांना मराठी कळली नव्हती. ते म्हणाले, "क्या कह रही हैं आप?"

मॅडम घाईनं म्हणाल्या, "सर, शी इज अ लिटल इमोशनल."

मी हिंदीत सांगितलं. "सर, ये राख डाली हुई है. मेरी माँ ने पोंछ दी थी. वो रोज पोंछती है."

आणि खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या बाजूच्या मुलीनं आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांचे डोळे भरले होते. ते जास्त अवघड होतं.

"राख पडत नाही का तुमच्याकडे?"

"पडते मॅडम."

"मग खोटं काय दाखवलं आम्ही?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही.

"दिल्लीच्या सरांना एक मेल कर," त्या म्हणाल्या. "भावनेच्या भरात बोलले, गैरसमज झाला, एवढंच. मग मी तुझं इंडोनेशिया मंजूर करते. ईशानला दुसरं काहीतरी देते. पुढे सरांकडे तुझी शिफारसही करीन. नाही केलंस, तर मी तुझी गाईड राहू शकणार नाही. मलाही इथे तोंड दाखवायचं आहे."

म्हणजे इंडोनेशिया माझ्या समोर टेबलावर ठेवलं होतं. फक्त उचलायचं होतं.

घरी सांगितलं. बाबा जेवत होते. ठेका बदलणार अशी बोलणी कामावर चालू आहेत. नवा ठेकेदार जुनी माणसं घेईल की नाही, कोणालाच माहीत नाही. बाबांनी घास खाली ठेवला.

"करून दे ना मेल. राख तर पडतेच. आपल्या बापाचं काय जाते?"

एरवी आम्ही यावर हसलो असतो.

आईनं विचारलं, "पण थो पोरगा काय वाचून राहिला होता?"

मी सांगितलं. वाक्य जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"झटकत नाही म्हणला?"

"हो."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "मंग मी सकाळपासून करतो काय?" एवढंच म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. जणू तिच्या आयुष्याबद्दलची एक गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती.

मी इंडोनेशियावरचं जमवलेलं सगळं वाचायला घेतलं. एका अहवालात त्या बेटावरच्या एका खेड्याबद्दल लिहिलं होतं, की तिथले रहिवासी कोळशाच्या धुळीला सरावले आहेत. हे मी आधी वाचलं होतं. वाचून पुढं गेले होते. आता ते वाक्य ओलांडता येईना. कोणी लिहिलं हे? त्या घरातल्या बाईला विचारलं होतं का? पाहुणे येणार म्हणून तिनंही पुसून ठेवलं होतं का? आणि मग कोणीतरी मूठ उघडली होती का?

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. राख पडते हे खरं. आई ती पुसते हेही खरं. तुम्ही एक खरं ठेवलं आणि दुसरं झाकायला पहिलंच वापरलं. आमच्यावर पडतं तेवढं तुम्हाला दिसतं. आम्ही करतो ते तुमच्या फोटोत मावत नाही. मावू नये म्हणून ट्रे उचलून बाजूला ठेवता.

इंडोनेशियासाठी मी आईला राखेत बसलेली ठेवू? आणि मग त्याच हातानं दुसऱ्या कोणाच्या आईबद्दल लिहू?

मी केबिनमध्ये गेले. "मॅडम, मेल नाही करत मी."

"मग वस्तीचा विषय घेतेस?"

"नाही. इंडोनेशियाच."

"कोणाकडे?"

"माहीत नाही."

त्यांनी विषयांची यादी मिटून ठेवली. "तू स्वतःचं नुकसान करून घेते आहेस."

"हो मॅडम," मी म्हटलं. कारण ते खरं होतं.

विभागात बाकी दोनच शिक्षक आहेत. एकानं सांगितलं, माझ्याकडे जागा नाही. दुसऱ्यांनी दार अर्धंच उघडून नाही म्हटलं. कँटीनमध्ये मी बसते त्या टेबलावर आता कोणी येत नाही. ईशान एकदा समोर आला आणि म्हणाला, "यार, तूने बात का बतंगड बना दिया." मी म्हटलं, राख तू टाकली की नाही? तो निघून गेला.

गाईडच्या सहीशिवाय प्रबंध घेत नाहीत. म्हणजे हे वर्ष जाणार. बाबांचं काम गेलं तर पुढचं वर्ष मिळेल याची खात्री नाही. पीएच.डी. तर लांबच. मला भीती वाटते. शूर माणसांना असं होत नसेल. मला होतं.

तरी मेल जाणार नाही.

इंडोनेशियावर मी लिहिणार. सही नसली तरी लिहिणार. ऑफिसनं घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणार. तिथल्या बायांना त्यांच्या भाषेत विचारीन, तुम्ही दिवसभर काय करता, आणि त्या सांगतील ते आधी लिहीन. बाकीचं नंतर. आणि माझ्या आईचा तो फोटो जिथं दाखवतील तिथं मी उठून उभी राहणार. मॅडम असोत, नाहीतर दिल्लीचे सर असोत. आवाज फाटला तरी. आवरा म्हणाले तर अजून मोठ्यानं बोलीन, आणि बाहेर काढलं तर दारातून.